नवव्या दिवशी काम सोडणारा माणूस

नाशकात असं एकही काम नसेल जे माझ्या थोरल्या साडूंनी आठ दिवस केलं नाही, आणि असंही एक काम नसेल ज्यावर ते नवव्या दिवशी टिकले. भद्रकालीतल्या बेकरीत त्यांनी खारी भाजली, मेन रोडच्या लाँड्रीत शर्टांच्या कॉलरी कडक केल्या, गंगापूर रोडच्या एका रोपवाटिकेत काळ्या पिशव्यांतून माती भरली, सातपूरच्या एका शेडमध्ये स्क्रूंना वायसर चढवले, आणि पंचवटीतल्या भांड्यांच्या दुकानात तांब्याचे हंडे चिंचेनं असे घासले की मालकाला त्यात स्वतःचं टक्कल स्वच्छ दिसलं आणि तो दिवसभर उदास राहिला. दर वेळी नववा दिवस उजाडला की हे गृहस्थ रुमालाला हात पुसून मोकळे. आमच्या सासूबाईंनी तर हाय खाल्ली होती. "थोरल्या जावयांचं कुठंच कसं पटत नाही गं?" असं त्या माझ्या बायकोला कुजबुजत विचारायच्या, आणि मी धाकटा जावई, एका जागी बूड टेकून प्रेस चालवणारा, शेजारी बसून अत्यंत विनम्र चेहरा करायचो.

खरं म्हणजे साडूंना चांगली कायमची नोकरी होती. एका शाळेत ते उद्योगशिक्षक होते. त्या काळी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटाला, अशा शाळांच्या पाटीवर 'मतिमंद' हा शब्द ठळक रंगवलेला असे. साडू त्या पाटीखालून रोज जात, पण वर मान करून त्यांनी ती कधी वाचली नाही. शाळेत मुलं सुतारकाम शिकत, विणकाम शिकत, कागदी पिशव्या करत; आणि अठरा वर्षांची झाली की शाळा संपायची, आणि मुलं घरी जाऊन खिडकीत बसायची. हे साडूंना बघवत नसे. "खिडकीत बसणं हे काम नाही," ते म्हणत. मग सुट्टी काढून ते गावभर हिंडत आणि कुणाच्या तरी दुकानात, कारखान्यात, गोठ्यात शिरून विचारत, "तुमच्याकडे कंटाळवाणं काम कोणतं?" ते काम आधी स्वतः आठ दिवस करायचं, त्याच्या खाचाखोचा पाठ करायच्या आणि नवव्या दिवशी आपल्या जागी आपला विद्यार्थी उभा करायचा, असा त्यांचा रिवाज. "आधी मी करतो, मग तू," हे त्यांचं ब्रीद होतं. विद्यार्थ्याला हे वाक्य ते इतक्या वेळा ऐकवत की घरी जेवायला बसतानाही त्यांच्या तोंडून ते निघून जाई, आणि वाढणारी मेहुणी हातात पळी धरून ताटकळत राही.

या रिवाजापायी त्यांनी मला एकदा भर चौकात उघडं पाडलं. सीबीएस बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात मी एका बड्या गिऱ्हाइकाला चहाला घेऊन गेलो होतो. निवडणुकीची पत्रकं छापायचं मोठं काम हाती येण्याची चिन्हं होती आणि मी आमच्या घराण्याबद्दल जरा जीभ सैल सोडून बोलत होतो. तेवढ्यात खांद्यावर ओलं फडकं टाकलेला, धोतराचा काचा मारलेला एक प्रौढ माणूस शेजारचं टेबल पुसताना दिसला. गिऱ्हाईक म्हणालं, "हे तुमच्या घरी बारशाला भेटले होते ना?" मी म्हणालो, "कोण? छे!" माझा 'छे' हवेत असतानाच साडू आमच्या टेबलाशी आले, फडकं डावीकडून उजवीकडे तीनदा फिरवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मालक, दोन कटिंग का दोन फुल? आणि तुमची मेहुणी विचारत होती, रविवारी जेवायला येताय ना?" ते काम मला मिळालं नाही. त्या हॉटेलात मात्र पुढची पाच वर्षं साडूंचा एक विद्यार्थी टेबलं पुसत होता, डावीकडून उजवीकडे, तीनदा.

जगातली कोणतीही गोष्ट तुकडे केल्याशिवाय त्यांना गिळता येत नसे. त्यांच्या खांद्यावरच्या शबनममध्ये एक गजराचं घड्याळ असायचं, आणि माणूस काम करताना ते घड्याळ टेबलावर मांडून साडू त्याच्या हालचाली मोजत. "काम अवघड नसतं हो मालक, आपण ते एकदम सांगतो म्हणून अवघड होतं. मोडून सांगा!" घरच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चहा करण्याच्या चौदा पायऱ्यांची चौदा चित्रं होती, स्वतःच्या हातानं काढलेली. न्हाणीघरात आंघोळीच्या अकरा होत्या, आणि त्या चित्रांतला माणूस हुबेहूब साडूंसारखा असल्यामुळे पाव्हण्यांना तिथं आंघोळ करायला संकोच वाटे. एकदा मेहुणी घरी नसताना मी ऐटीत म्हणालो, मी करतो चहा, त्यात काय चित्रं बघायची! कप समोर आला तेव्हा साडूंनी एक घोट घेतला, शांतपणे कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पायरी सहावी." मी आत जाऊन सहावं चित्र बघितलं. चहाची पावडर.

तर अशा या माणसानं एका मार्च महिन्यात माझ्या प्रेसमध्ये पाऊल टाकलं आणि विचारलं, "मालक, तुमच्याकडे कंटाळवाणं काम कोणतं?" रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत माझा छापखाना होता, लग्नपत्रिका छापायच्या आणि उन्हाळ्यात शाळेच्या वह्या बांधायच्या. मी म्हणालो, "सगळंच." झालं. आठ दिवस माझे साडू माझ्याच बाइंडिंग खात्यात मांडी घालून रेघा मारलेले कागद मोजत आणि दुमडत बसले. खात्याचे मुख्य हमीदचाचा. वय साठीच्या पुढं, हात मशीनसारखा आणि तोंड त्याहून जोरात. ते सगळ्यांना बोलत, मालकालासुद्धा. साडूंनाही त्यांनी तिसऱ्या दिवशी सुनावलं, "मास्टर, घडी घालताय का झोपाळा? जरा दाबून घाला की!" साडूंचा चेहरा उजळला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोलले मला! म्हणजे काम लागलं. ज्याला कामावर कुणी बोलत नाही ना मालक, त्याला काम लागलंय असं मी धरत नाही. तो पाव्हणा."

नवव्या दिवशी कमल आली. वीस वर्षांची, दोन वेण्या, हातात डबा. घर नाशिकरोडला, वडील मालधक्क्यावर कामाला, आई एका बालवाडीत. कमल थोडकंच बोलायची, पण बोलायची ते थेट. तिला बसनं यायला शिकवायचा साडूंचा कार्यक्रमही मोडून मोडूनच झाला. पहिले काही दिवस बसमध्ये तिच्या शेजारी, मग शेवटच्या सीटवर, आणि शेवटी तर बसमध्ये नाहीच. बसच्या मागं सायकलवर. द्वारका चौकाच्या अलीकडे कंडक्टरच्या लक्षात आलं की एक धोतरवाला जिवाच्या आकांतानं बसचा पाठलाग करतोय. त्यानं घंटी मारून बस थांबवली आणि ओरडला, "ओ काका, काय भानगड आहे?" साडूंना धापेमुळे बोलता येईना. तेव्हा कमल खिडकीतून म्हणाली, "ते माझे सर आहेत. त्यांना भीती वाटते." दुसऱ्या दिवसापासून सायकल बंद झाली.

प्रेसमध्ये तिचं कागद मोजणं आणि दुमडणं महिन्याभरात बसलं. अडचण एकच होती, ती म्हणजे मी. मला तिला बोलता येत नसे. तिची घडी वाकडी झाली तर मी गोड हसायचो, ती उशिरा आली तर पेढा द्यायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला "देवाचं लेकरू आहे" असं हळव्या आवाजात सांगायचो आणि स्वतःवर फार खूश असायचो. साडू एकदा भडकले. "देवाचं लेकरू असेल तर देवाच्या कारखान्यात ठेवा! इथं ती कामगार आहे. तिला पगार द्या, रजा द्या आणि चुकली तर बोला. तिन्ही द्या." मी म्हणालो, "जीभ रेटत नाही हो." ते म्हणाले, "मग कोपऱ्यात बसून चाचांची वाट बघतो. ते ज्या दिवशी तिला बोलतील, त्या दिवसापासून मी येत नाही."

आणि एप्रिलमधल्या एका दुपारी, कमल खिडकीबाहेरच्या बर्फगोळेवाल्याकडे बघत बसली असताना, चाचा कडाडले, "ए कमल! वो गोला तुझ्यासाठी थांबलाय काय? हात चालव!" सगळं खातं चपापलं. कमलनं चाचांकडे रागानं बघितलं, नाक फुगवलं आणि हात चालवायला लागली. कोपऱ्यातल्या स्टुलावरून साडू उठले. घड्याळ शबनममध्ये टाकलं, चाचांना वाकून नमस्कार केला, कमलला म्हणाले, "शंका आली की भिंतीकडे बघायचं, तरी नाही कळलं तर विचारायचं," आणि निघून गेले. भिंतीकडे म्हणजे नमुन्याकडे. प्रत्येकाच्या जागेसमोर भिंतीला त्या त्या कामाचा एक पुरा नमुना टांगायचा, ही पद्धत त्यांनी आमच्याकडे लावून दिली होती.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. आमच्या प्रेसची एक वडिलांपासूनची प्रथा होती. अक्षय तृतीयेला मुहूर्ताची पहिली वही मालकानं आपल्या हातानं दोऱ्यानं शिवायची, तिला हळदकुंकू वाहायचं आणि ती देवाच्या कोनाड्यात ठेवायची. वर्षभरात माझ्या हातून होणारं हे एकमेव हातकाम. त्या वर्षी कव्हरवर मोर छापला होता, पिसारा फुलवलेला. पेढे, पाव्हणे आणि गप्पांच्या गडबडीत मी वही शिवली, तिच्यावर हळदकुंकवाचा भडिमार केला आणि टाळ्या घेतल्या. दोन दिवसांनी चाचा पुतणीच्या लग्नाला मालेगावला गेले, आणि इकडे सायखेड्याच्या दुकानदाराची हजारभर वह्यांची घाई. माझ्या मनात कल्पना चमकली की कमलला बढती द्यावी! कव्हर पसरायचं, त्यावर कागद ठेवायचे, दुमडायचं आणि पिना मारणाऱ्याकडे सरकवायचं. साडूंच्याच पद्धतीनं नमुना हवा म्हणून मी कोनाड्यातली मुहूर्ताची वही काढली आणि मोठ्या अभिमानानं तिच्यासमोर टांगली. "अगदी अशी," मी म्हणालो आणि वाजणाऱ्या फोनकडे धावलो.

तिसऱ्या दिवशी सायखेड्याचे दुकानदार माल न्यायला आले. त्यांनी गठ्ठ्यातली एक वही उचलली, उघडली, फिरवली, पुन्हा फिरवली. "शेठ, मोर उलटा हाय की ओ!" ते म्हणाले. "वही सरळ धरली तर मोर डोक्यावर उभा, मोर सरळ धरला तर आतल्या रेघा उलट्या. पोरांनी काय शीर्षासन करून लिहायचं?" मी दुसरी वही उघडली, तिसरी उघडली. सगळे मोर खाली डोकं वर पाय. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. आणि त्या क्षणी मी आयुष्यातली सगळ्यात हलकी गोष्ट केली. कमलला ऐकू जाईल एवढ्या अंतरावर उभा राहून मी म्हणालो, "काय करणार, मुलगी जरा तशी आहे हो. दयेपोटी ठेवलीय." ते म्हणाले, "मंग कशाला ठेवायची?" मी तिच्याजवळ गेलो, आणि बोलायची हिंमत तेव्हाही नव्हतीच, म्हणून नेहमीचं गोड हसलो. "बाळ, तू दमलीयेस. घरी जा. निरोप पाठवीन तेव्हा ये." तिनं भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डबा उचलला आणि गेली. डबा उघडलेलासुद्धा नव्हता.

पुढच्या दिवशी संध्याकाळी साडू हजर. मालेगावहून चाचाही परतले होते. साडू ओरडतील म्हणून मी तयारीत होतो, पण ते स्टुलावर बसले, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तिची चूक काय झाली? मोडून सांगा."

"चूक काय! हजार मोर उलटे!"

"ती शेवटची पायरी. पहिली सांगा."

"पहिली... मी तिला काम दिलं."

"दुसरी?"

"नमुना टांगला."

"कोणता?"

मी भिंतीकडे बोट केलं. चाचांनी उठून वही काढली, अंगठ्यानं हळदकुंकू पुसलं, उघडली, आणि त्यांच्या दाढीला थरथर सुटली. ती रागाची आहे असं मला वाटलं. ते हसत होते. "शेठ," ते डोळे पुसत म्हणाले, "ये टाके तर तुमच्या हातचे. असे वाकडे टाके नाशकात दुसरं कोणीच घालत नाही. मोर पण तुमचाच. बेटीनं एकदम बरोबर नक्कल केलीय, एक पण वही चुकली नाही!"

साडू हसले नाहीत. "तिनं विचारलं होतं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. शपथेवर सांगतो, मला खरंच आठवत नव्हतं.

"मग चला नाशिकरोडला."

कमलच्या घरी गेलो तेव्हा ती दारातच बसली होती, वेण्या घातलेल्या, मांडीवर डबा. तिची आई बाहेर आली. "या, बसा," ती म्हणाली, पण आवाजात बसण्यासारखं काही नव्हतं. "शेठ, पोरीला काढली का ठेवली तेवढं सांगा. काल दुपारी आली ती गप्प. आज सकाळी डबा भरून घेतला आणि दिवसभर इथं बसली. म्हणते, निरोप येणारे." आत कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि शेजारी कमलनं पहिल्या पगारातून आणलेलं नवं घड्याळ. त्याची टिकटिक फार मोठ्यानं होत होती.

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी मोडून सांगायला सुरुवात केली. "कमल, वही चुकली ना, ती..."

"मी विचारलं होतं," कमल म्हणाली. "शेठ, मोर असाच? तुम्ही फोनवर होता. तुम्ही म्हणाला, असाच, असाच."

आणि मला आठवलं. माझा फोन धरलेला हात, दुसऱ्या हातानं हवेत केलेली खूण आणि "असाच गं, असाच." तिच्या आईनं न मागता पाणी पुढं केलं.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "तुझी नव्हती. आणि त्या दुकानदारासमोर मी जे बोललो, तेही चूक."

कमलनं विचारलं, "वही तुम्ही चुकवली?"

"हो."

"मग तुम्ही घरी बसा. मी दोन दिवस बसले. तुम्ही पण दोन दिवस बसा."

मी साडूंकडे पाहिलं, या आशेनं की मोठा माणूस काही मध्यस्थी करील. ते गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे. नियम सगळ्यांना सारखा."

खोटं वाटेल, पण मी दोन दिवस घरी बसलो. स्वतःच्या प्रेसमधून निलंबित झालेला नाशकातला मी पहिला मालक असेन. बायकोनं मला डाळ निवडायला दिली आणि समोर निवडलेल्या डाळीची वाटी नमुना म्हणून ठेवली. तिकडे कमल आणि चाचांनी मिळून हजार वह्यांच्या पिना काढल्या, मोर सरळ उभे केले आणि पुन्हा पिना मारल्या. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा चाचा म्हणाले, "शेठ, दोन दिवस काम लय भारी झालं. अधनंमधनं असे बसत जा." सायखेड्याच्या दुकानदारांना माल देताना मी कमलला पुढं बोलावून चूक कुणाची होती ते सांगितलं. ते तिला म्हणाले, "मंग तू काय केलं?" कमल म्हणाली, "घरी बसवलं शेठना." त्या घटकेपासून मला तिला बोलता यायला लागलं, आणि तिला मला बोलता येतच होतं. पुढं दर अक्षय तृतीयेला मी वही शिवली की ती माझ्या हातातून घ्यायची, उघडून तपासायची, आणि मगच हळदकुंकवाला हात लावू द्यायची.

साडू निवृत्त झाल्यावरही नवव्या दिवशी काम सोडतच राहिले. घोटीच्या भातगिरणीपासून देवळालीच्या बटाटेवड्यापर्यंत. मग ऐंशीचं दशक सरता सरता त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा. मेहुणीनं रबरी चेंडू दाबायला दिला, त्यांनी तो खिडकीतून फेकला. आता ते दिवसभर खिडकीत बसत. त्या खिडकीत त्यांना बघवत नसे म्हणून मी आठवड्यातनं एकदा जायचो आणि पाच मिनिटांत उठायचो.

हे मी प्रेसमध्ये सहज बोललो. कमल म्हणाली, "सरांना इथं आणा."

रिक्षातून आणलं. कमलनं आपल्या शेजारी त्यांचं तेच स्टूल मांडलं. तिनं एक लेबल घेतलं, खळ लावली, वहीवर चिकटवलं आणि भिंतीला नमुना टांगला. तो तिनं आधी दोनदा उघडून बघितला. मग म्हणाली, "सर, आधी मी करते, मग तुम्ही." साडूंचा हात थरथरत उठायचा आणि लेबल कुठल्या कुठं तिरकं बसायचं. तासाला चार वह्या व्हायच्या. कमल प्रत्येक वही बघायची आणि बाजूच्या रद्दीच्या ढिगात टाकायची. तिनं एकही चालवून घेतली नाही. मी खुणेनं म्हणालो, असू दे गं. तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी साडूंची नजर बाहेर कुठंतरी लागली होती. कमलनं खळीचा ब्रश आपटला. "सर! किती वेळ बाहेर बघता? हात चालवा!"

खातं चपापलं. मी धावत पुढं झालो. साडूंच्या तोंडाची एक बाजू हलत नव्हती, पण दुसरी हसत होती. डाव्या हातानं त्यांनी मला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द मोडून म्हणाले, "मालक... ऐकलंत? बोलली... मला."

त्या कामावर मात्र ते आठ दिवसांनी सुटले नाहीत. जवळजवळ वर्षभर यायचे, शेवटपर्यंत. त्यांच्या वह्यांचा ढीग रद्दीवाला न्यायला आला तेव्हा मी त्याला उगाच काहीतरी सांगून परत पाठवला. हे लिहितोय ते त्यातल्याच एका वहीवर. लेबल पार कोपऱ्यात, तिरकं. कमल आत्ताच खांद्यावरून डोकावून गेली. "ही रद्दीतली आहे," ती म्हणाली. मी म्हणालो, "माहितीय." तिनं लेबलाचा उचकटलेला कोपरा अंगठ्यानं नीट दाबून बसवला आणि कामाला गेली.